मदर तेरेसा पडद्यावर: एका 'चमत्कारी' उजेडापासून सुरू झालेली गोष्ट

५ सप्टेंबर म्हटलं की आपल्याला शिक्षक दिन आठवतो. पण हीच तारीख मदर तेरेसा यांच्या पुण्यतिथीचीही आहे. त्या दिवशी सोशल मीडियावर साधारण दोन प्रकारच्या क्लिप्स फिरताना दिसतात. एकीत पांढऱ्या साडीतली वाकलेली म्हातारी एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवते आणि मागे संथ पियानो वाजतो. दुसरीत तीच म्हातारी एखाद्या हुकूमशहाच्या घरातल्या माणसांसोबत उभी असते आणि वर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, 'खरा चेहरा'.

दोन्ही क्लिप्स अर्ध्या मिनिटाच्या. दोन्हींखाली हजारोंनी कमेंट्स. आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंच्या बऱ्याचशा प्रतिमा ज्या मूळ कार्यक्रमांतून आल्या, त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात.

मदर तेरेसांवर गेल्या ५५ वर्षांत डॉक्युमेंट्री, टीव्ही मालिका आणि चित्रपट सतत येत राहिले आहेत. २०२५ मध्येही व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्यांच्यावरचा एक नवा चित्रपट दाखवला गेला. ज्यांना लाखो लोक संत मानतात, अशा व्यक्तीचं आयुष्य पडद्यावर दाखवताना नेमकं काय होतं? काय दिसतं, काय सुटतं आणि कोणाला विचारलंच जात नाही? मदर तेरेसांच्या उदाहरणातून हे समजून घेऊया.

आधी थोडक्यात आयुष्य

मदर तेरेसा यांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० चा. गाव स्कोपिए. तेव्हा ते ऑटोमन साम्राज्यात होतं, आज ती उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. अल्बेनियन कुटुंबातल्या या मुलीचं नाव होतं अन्येझ गोंजे बोयाजिऊ. १९२८ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी ती घर सोडून आयर्लंडमधल्या लोरेटो संघात गेली आणि १९२९ च्या सुरुवातीला भारतात पोचली.

पुढची जवळपास दोन दशकं त्या कोलकात्यात (तेव्हाच्या कलकत्त्यात) एंटाली भागातल्या सेंट मेरीज शाळेत शिक्षिका होत्या. १९४४ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. म्हणजे पुण्यतिथी शिक्षक दिनाला येणं हा योगायोग असला, तरी अगदीच विसंगत नाही.

याच काळात शहराने १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहिला आणि ऑगस्ट १९४६ ची भीषण दंगलही. त्यानंतर महिन्याभरातच, १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत आपल्याला गरिबांमध्ये राहून काम करण्याची हाक ऐकू आली, असं त्या सांगत. १९४८ मध्ये परवानगी घेऊन त्या कॉन्व्हेंटच्या भिंतीबाहेर पडल्या. ७ ऑक्टोबर १९५० रोजी 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' सुरू झाली. १९५२ मध्ये कालीघाटला, काली मंदिराला लागून असलेल्या आणि कलकत्ता महापालिकेने दिलेल्या इमारतीत 'निर्मल हृदय' उभं राहिलं. रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसांना शेवटचे दिवस छपराखाली काढता यावेत, यासाठीचं हे घर.

१९६२ मध्ये पद्मश्री आणि मॅगसेसे, १९७९ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार, १९८० मध्ये भारतरत्न. ५ सप्टेंबर १९९७ ला निधन. तेव्हा संस्थेच्या सुमारे ४,००० सिस्टर्स होत्या आणि १२३ देशांत ६१० केंद्रं होती. ४ सप्टेंबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

आता प्रश्न असा की कोलकात्यातल्या एका गल्लीत काम करणारी ही सिस्टर जगभर पोचली कशी? उत्तर आहे, मोठ्या प्रमाणात टीव्हीमुळे.

१९६९: कालीघाटचा अंधार आणि कोडॅकची फिल्म

माल्कम मगरिज हे त्या काळात ब्रिटिश टीव्हीवरचं गाजलेलं नाव. पत्रकार, तिरकस बोलणारे आणि स्पष्टवक्ते. १९३० च्या दशकात त्यांनी कलकत्त्यात 'द स्टेट्समन' मध्ये नोकरीही केली होती. १९६८ मध्ये त्यांनी लंडनमध्ये बीबीसीसाठी मदर तेरेसांची मुलाखत घेतली. तांत्रिकदृष्ट्या ती फारशी जमलेली नव्हती. पण प्रसारित झाल्यावर प्रेक्षकांची पत्रं आणि पैसे यांचा ओघ सुरू झाला. मग बीबीसीने ठरवलं की थेट कोलकात्याला जाऊन डॉक्युमेंट्री करायची.

मदर तेरेसा सुरुवातीला तयार नव्हत्या. इंग्लंडमधल्या एका कार्डिनलने पत्र लिहून गळ घातली, तेव्हा त्या राजी झाल्या. चित्रीकरण करायचंच असेल तर देवासाठी काहीतरी सुंदर करूया, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. त्यावरूनच डॉक्युमेंट्रीचं नाव ठरलं, 'समथिंग ब्यूटिफुल फॉर गॉड'. दिग्दर्शक पीटर शेफर, कॅमेरामन केन मॅकमिलन. चित्रीकरणासाठी वेळ होता फक्त पाच दिवस.

'निर्मल हृदय' च्या आत उजेड फार कमी होता. खिडक्या लहान आणि उंचावर. युनिटकडे दिवेही पुरेसे नव्हते. इथे काही येणार नाही, असंच सगळ्यांचं मत होतं. तरी प्रयत्न म्हणून आत शूट केलं आणि सोय म्हणून बाहेर उन्हातही थोडं करून ठेवलं.

लंडनला परतल्यावर फिल्म धुऊन आली आणि सगळे चकित झाले. आतला भाग मऊ, सुंदर उजेडात न्हालेला दिसत होता. मगरिज यांच्या म्हणण्यानुसार बाहेरचं चित्रीकरणच उलट अंधूक आलं होतं. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता: हा दैवी प्रकाश आहे, कॅमेऱ्याने टिपलेला पहिला खरा चमत्कार. १९७१ मध्ये याच नावाच्या पुस्तकात त्यांनी हे लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं.

कॅमेरामनची बाजू वेगळी होती. मॅकमिलन यांनी नंतर सांगितलं की कोडॅकची एक नवी फिल्म तेव्हा नुकतीच हाती आली होती. निघण्याआधी ती तपासून पाहायलाही वेळ मिळाला नव्हता. आतलं चित्रण इतकं चांगलं आलेलं पाहून त्यांच्या तोंडून कोडॅकचा जयजयकारच निघणार होता. पण त्याआधीच मगरिज यांनी दैवी प्रकाशाची घोषणा केली. मग पत्रकारांचे फोन सुरू झाले.

ही गोष्ट अनेकदा 'श्रद्धा विरुद्ध विज्ञान' म्हणून सांगितली जाते. पण पडद्याच्या दृष्टीने तिचा मुद्दा साधा आहे. पाहणाऱ्याने आधीच ठरवलेलं असेल की समोर संत आहे, तर फिल्मचा दर्जाही पुरावा वाटू लागतो. आणि त्या पाच दिवसांनी मदर तेरेसांची जी दृश्यभाषा ठरवली (अंधारी खोली, पांढरी साडी, खाटांची रांग, मऊ उजेड) ती आजच्या रील्सपर्यंत तशीच चालत आली आहे.

१९८६: कॅमेरा जगभर मागे फिरतो

अ‍ॅन आणि जेनेट पेट्री या बहिणींनी काही वर्षं मदर तेरेसांच्या सोबत फिरून 'मदर तेरेसा' ही डॉक्युमेंट्री केली. निवेदन होतं 'गांधी' चे दिग्दर्शक रिचर्ड अटेनबरो यांचं.

यातला सर्वांत लक्षात राहणारा भाग १९८२ च्या बैरुतचा. शहर दोन भागांत तुटलेलं, बॉम्बफेक सुरू आणि पलीकडच्या रुग्णालयात अडकलेली अपंग मुलं. तिकडे जाणं शक्य नाही, असं सगळे सांगतात. मदर तेरेसा ऐकत नाहीत. गोळीबार थांबतो आणि मुलांना बाहेर आणलं जातं. इथे दिसते ती हट्टी, कामाला लागलेली, अधिकाऱ्यांशी थेट बोलणारी बाई. मऊ उजेडातल्या मूर्तीपेक्षा ही प्रतिमा बरीच वेगळी आहे. तरी रील्समध्ये ती क्वचितच दिसते.

१९९४: उलटा कॅमेरा

८ नोव्हेंबर १९९४ रोजी ब्रिटनच्या चॅनल फोरवर 'हेल्स एंजल' हा जेमतेम अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागला. लेखन आणि निवेदन क्रिस्टोफर हिचन्स यांचं, निर्मितीत तारिक अली. मूळच्या कोलकात्याच्या आणि लंडनमध्ये राहणाऱ्या डॉ. अरूप चॅटर्जी यांच्या संशोधनाचा त्यामागे मोठा वाटा होता.

आज टीकेच्या क्लिप्समध्ये जे मुद्दे दिसतात, त्यातले बरेच इथून आणि हिचन्स यांच्या १९९५ च्या पुस्तकातून आले आहेत. हैतीच्या ड्युव्हॅलिए राजवटीशी जवळीक. अल्बेनियाचा हुकूमशहा एन्व्हर होजा याच्या कबरीवर फुलं. अमेरिकेतला घोटाळेबाज चार्ल्स कीटिंग याच्याकडून साडेबारा लाख डॉलर्सची देणगी आणि तो खटल्यात अडकल्यावर त्याच्या बाजूने न्यायाधीशांना पत्र. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 'निर्मल हृदय' मधल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा.

शेवटचा मुद्दा केवळ टीकाकारांचा नव्हता. त्याच वर्षी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी तिथल्या भेटीवर लिहिलं. स्वच्छता, जखमांची काळजी आणि माया यांचं त्यांनी कौतुक केलं. पण निदान पद्धतशीरपणे होत नाही आणि तीव्र वेदनेवर पुरेशी प्रभावी औषधं दिली जात नाहीत, हेही नोंदवलं. मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या बाजूने उत्तर असं दिलं जातं की ही घरं रुग्णालयं नाहीत. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही, त्यांच्यासाठीचा तो आसरा आहे.

फॉक्स यांचा लेख छोटा आहे, पण त्यात कौतुक आणि टीका एकाच पानावर आहेत. पडद्यावर मात्र ते दोन वेगळ्या चॅनलवर गेले. एका कार्यक्रमात फक्त पहिला भाग, दुसऱ्यात फक्त दुसरा.

चरित्रपटांचा साचा

मदर तेरेसांच्या निधनानंतर महिनाभरात, ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेत 'मदर तेरेसा: इन द नेम ऑफ गॉड्स पुअर' हा टीव्ही चित्रपट दाखवला गेला. भूमिका चार्ली चॅप्लिन यांची मुलगी जेराल्डिन चॅप्लिन यांची. पटकथेत 'सिटी ऑफ जॉय' चे लेखक डॉमिनिक लापिएर यांचा सहभाग.

२००३ मध्ये इटलीच्या राय वाहिनीसाठी दोन भागांचा टीव्ही चित्रपट आला. त्याच ऑक्टोबरमध्ये व्हॅटिकनने मदर तेरेसांना 'धन्य' घोषित केलं. ही संतपदाआधीची पायरी. यात मदर तेरेसा झाल्या ऑलिव्हिया हसी, म्हणजे १९६८ च्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' मधली ज्युलिएट. पुढे १९७७ च्या 'जीझस ऑफ नाझरेथ' मध्ये त्यांनी येशूच्या आईचीही भूमिका केली होती. त्यामुळे युरोपातल्या प्रेक्षकांच्या मनात हा चेहरा आधीच पवित्र होऊन बसलेला होता.

या चरित्रपटांमध्ये काही प्रसंग हमखास येतात. आगगाडीतली हाक, कॉन्व्हेंटच्या दारातून बाहेर पडणं, वस्तीतली पहिली शाळा, कालीघाटला स्थानिकांचा विरोध आणि मग मन बदलणं. प्रसंगांना ऐतिहासिक आधार आहे. पण साचा असा होतो की विरोध करणारा प्रत्येक माणूस अडाणी किंवा कठोर वाटतो आणि शेवटी हात जोडतो.

सुटतं ते काय? मदर तेरेसांचं संघटनकौशल्य. एक उदाहरण थेट मुंबईचं आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल धार्मिक परिषदेसाठी मुंबईत आले होते. जाताना त्यांनी वापरलेली पांढरी लिंकन मोटार मदर तेरेसांना भेट दिली. त्यांनी त्या मोटारीची सोडत काढली, पैसे उभे केले आणि ते कुष्ठरुग्णांच्या 'शांतीनगर' वसाहतीकडे वळवले. जखम धुणाऱ्या हातांना हिशोबही पक्का कळत होता! महापालिकेकडून जागा मिळवणं, व्हॅटिकनकडून परवानगी काढणं, सरकारी अधिकाऱ्यांच्या दारात बसून राहणं हे सगळं त्यांनी केलं. पण फायली आणि परवानग्या पडद्यावर कंटाळवाण्या वाटतात, म्हणून कात्री लागते.

कोलकात्याची तक्रार काय?

वर सांगितलेल्या १९९७ आणि २००३ च्या दोन्ही चित्रपटांचं 'कोलकाता' श्रीलंकेत चित्रित झालं. याआधी रोलंड जोफे यांनी 'सिटी ऑफ जॉय' (१९९२) प्रत्यक्ष कोलकात्यात शूट केला, तेव्हा शहरात मोठी निदर्शनं झाली होती. आमच्या शहराची गरिबी परदेशी पडद्यावर विकली जाते, हा लोकांचा राग होता.

हा राग समजून घ्यायला हवा. चरित्रपटाला संत मोठा दाखवायचा असतो. त्यासाठी शहर काळंकुट्ट दाखवणं ही सोपी युक्ती आहे. मग ज्या कोलकात्यात नाटक, छापखाने, कामगार संघटना, महाविद्यालयं आणि अनेक स्थानिक सेवा संस्था होत्या, ते पडद्यावर फक्त गटार आणि महारोग एवढंच उरतं. डॉ. चॅटर्जी यांच्या टीकेतला एक मोठा भाग हाच होता. हिचन्स यांचा राग धर्मावर होता, चॅटर्जी यांचा बराचसा शहराच्या बदनामीवर. क्लिप्समध्ये हा फरक पुसला जातो.

२००७: पत्रं बाहेर आली

मदर तेरेसांची कथा खऱ्या अर्थाने बदलली ती २००७ मध्ये. संतपदाच्या प्रक्रियेचं काम पाहणारे फादर ब्रायन कोलोडियेचुक यांनी त्यांची खासगी पत्रं 'कम बी माय लाइट' या नावाने पुस्तकरूपात आणली. ही पत्रं नष्ट करावीत, अशी विनंती मदर तेरेसांनी हयातीत केली होती.

पत्रांतून कळलं ते असं: काम सुरू झालं त्याच सुमारास त्यांना देवाचं अस्तित्व जाणवेनासं झालं. ही पोकळी १९५८ मधला छोटा काळ सोडला तर जवळपास आयुष्यभर राहिली. म्हणजे १९६९ मध्ये मगरिज यांना खोलीत दैवी प्रकाश दिसत होता, तेव्हा त्याच खोलीतली ही बाई आपल्या मार्गदर्शकांना आतल्या अंधाराबद्दल लिहीत आली होती.

श्रद्धावंतांनी याचा अर्थ लावला की काहीच जाणवत नसताना काम करत राहणं हीच मोठी श्रद्धा. नास्तिकांनी म्हटलं, त्यांचा विश्वास उडाला होता आणि संस्थेने ते लपवलं. पत्रं तीच, निष्कर्ष दोन.

चित्रपटकारांसमोर मात्र वेगळाच पेच आला. जखम दाखवता येते, भूक दाखवता येते, पण प्रार्थनेला उत्तर न येणं कसं दाखवणार? ज्युलिएट स्टीव्हन्सन यांनी भूमिका केलेला 'द लेटर्स' (२०१४) नावातच पत्रं घेऊन आला. मॅक्स व्हॉन सिडो यात मदर तेरेसांचे मार्गदर्शक फादर व्हान एक्सेम झाले आहेत. पण चित्रपटाचा बहुतेक वेळ संस्था कशी उभी राहिली, याच जुन्या वाटेने जातो.

स्वित्झर्लंडचे कमल मुसळे यांचा 'मदर तेरेसा अँड मी' भारतात मे २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. त्यांनी दोन काळ समोरासमोर ठेवले. एकीकडे मदर तेरेसा (जॅकलिन फ्रिची-कोर्नाझ) आणि त्यांचा आतला संशय. दुसरीकडे आजची, लंडनची व्हायोलिन वाजवणारी कविता (बनिता संधू), जी गरोदर आहे आणि पुढे काय करायचं या प्रश्नात अडकली आहे. सोबत दीप्ती नवल. मदर तेरेसा गर्भपाताच्या ठाम विरोधात होत्या. नोबेल स्वीकारतानाच्या भाषणातही त्यांनी ते सांगितलं होतं. त्यामुळे आजच्या मुलीला त्यांच्यासमोर उभं केलं की आदर आणि असहमती एकाच कथेत आणावी लागते.

२०२५: 'मदर' होण्याआधीचे सात दिवस

तेओना स्त्रुगार मितेव्स्का या दिग्दर्शिका स्वतः स्कोपिएच्या, म्हणजे मदर तेरेसांच्याच गावच्या. त्यांचा 'मदर' हा चित्रपट ऑगस्ट २०२५ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या 'ओरिझोंती' विभागाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. मुख्य भूमिकेत नूमी रपास, ज्यांना आपण 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' मुळे ओळखतो.

इथे पूर्ण आयुष्य नाही. काळ आहे ऑगस्ट १९४८ मधल्या फक्त सात दिवसांचा. तेरेसा अजून कॉन्व्हेंटमध्ये आहेत आणि बाहेर पडण्याच्या परवानगीची वाट पाहत आहेत. त्याच वेळी, जिला आपल्या जागी नेमायचं ठरवलं आहे ती सिस्टर गरोदर असल्याचं कळतं. इथली तेरेसा महत्त्वाकांक्षी आहे, कडक आहे, चिडतेही. संगीतात पियानोऐवजी चक्क रॉक.

परवानगीची वाट पाहणं ऐतिहासिक आहे, गरोदर सिस्टरचं कथानक हे कथाकाराचं. हा भेद प्रेक्षकाला माहीत असायला हवा. पण सात दिवस निवडण्यामागचा विचार चांगला आहे. संतपद ठरलेलं नसताना माणूस कसा असतो, हे शोधायला तेवढीच जागा उरते.

असा चित्रपट करायला परवानगी लागते का?

भारतात बायोपिकसाठी वेगळा कायदा नाही. १९९४ च्या आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लेखन संमतीशिवायही प्रकाशित करता येतं. जयललिता यांच्यावरच्या चित्रपटाच्या वादात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की खासगीपणाचा हक्क वारसांकडे मालमत्तेसारखा जात नाही.

धार्मिक व्यक्ती असली की मात्र दुसरी चौकट येते. जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९५अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे. शिवाय सेन्सॉर बोर्डाचे नियम आहेतच. त्यामुळे अनेक निर्माते आधीच संस्थेचा आशीर्वाद शोधतात. आशीर्वादासोबत कागदपत्रं, जागा आणि माणसं मिळतात. कठीण प्रश्न विचारायची मोकळीक मात्र कमी होते.

आणखी एक रंजक तपशील. निळ्या काठाच्या त्या पांढऱ्या साडीची नक्षी मिशनरीज ऑफ चॅरिटीने ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेली आहे. ही बातमी २०१७ मध्ये पुढे आली. सिस्टर्सच्या साड्या कोलकात्याजवळच्या टिटागढमध्ये, कुष्ठरोगाशी झुंजलेल्या लोकांच्या हातमागावर विणल्या जातात. अगणित फ्रेम्समध्ये दिसणाऱ्या त्या साडीमागचे हात कॅमेऱ्यात फार क्वचित येतात.

खाटेवरच्या माणसाला कोणी विचारलं?

या सगळ्यात सर्वांत कमी बोललेला मुद्दा हा आहे. १९६९ पासून आजपर्यंत मदर तेरेसांच्या प्रत्येक प्रसिद्ध दृश्यात दुसरी एक व्यक्ती असते. खाटेवरची. हाडं दिसणारी, डोळे अर्धवट मिटलेली, अनेकदा अर्ध्या कपड्यांतली.

तिचं नाव आपल्याला माहीत नसतं. ती शुद्धीत होती का? कॅमेरा चालू आहे, हे तिला कोणी सांगितलं होतं का? तिचा मुलगा किंवा बहीण कुठे असेल आणि त्यांनी आपल्या माणसाला असं पाहिलं असेल का?

चाहत्यांच्या क्लिपमध्ये ही व्यक्ती करुणेचा पुरावा असते, विरोधकांच्या क्लिपमध्ये हलगर्जीचा पुरावा. दोन्हीकडे ती पुरावाच. आज एखाद्या रुग्णालयात शिरून मरणासन्न माणसाचं चित्रीकरण केलं, तर आपण त्याला गैर म्हणू. पण 'सेवा' करतानाचे व्हिडिओ मात्र आजही रोज अपलोड होतात. फुटपाथवरच्या माणसाला जेवणाचं पाकीट, समोर मोबाईल आणि खाली हात जोडल्याचे इमोजी. ज्याच्या हातात पाकीट दिलं त्याचा चेहरा कायमचा इंटरनेटवर राहतो. मदर तेरेसांवरचे चित्रपट पाहताना हा प्रश्न आपल्याही फोनपर्यंत येतो.

चेहरा न काढणारा चित्रकार

पडद्याबाहेर या पेचाला एका चित्रकाराने वेगळं उत्तर दिलं. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन, जे तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत. म्हणजे चेहरे भव्य करून दाखवणं हाच त्यांचा सुरुवातीचा धंदा.

१९८० च्या आसपास त्यांनी मदर तेरेसांवर चित्रमालिका सुरू केली आणि पुढे अनेक वर्षं ती चित्रं काढत राहिले. त्यात निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल किंवा आडवा झालेला माणूस आहे, हात आहेत. पण चेहऱ्याच्या जागी फक्त काळोखी पोकळी आहे. हुसेन अगदी लहान असताना त्यांची आई गेली होती आणि तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. त्यामुळे त्या रिकाम्या जागेत त्यांची स्वतःची आईही आहे, असं अनेकदा म्हटलं जातं.

चेहऱ्यावर दैवी भाव आणायला अभिनेत्रींना इतकी धडपड करावी लागली. हुसेन यांनी तो भागच सोडून दिला. त्यामुळे आपली नजर साडीवरून घसरते आणि मांडीवरच्या माणसावर जाऊन थांबते.

पाहताना काय लक्षात ठेवायचं?

पुढच्या वेळी संतपुरुष किंवा समाजसेवकावरचा चित्रपट, मालिका किंवा क्लिप समोर आली, तर हे प्रश्न विचारून पाहा:

- हे कोणी आणि केव्हा केलं? २००३ चा चित्रपट पत्रं पुस्तकरूपात येण्याआधीचा आहे, हे पाहताना लक्षात ठेवायला हवं.
- संस्थेचा पाठिंबा आहे का? असेल तर काय मिळालं आणि काय वगळलं असेल? नसेल तर माहिती कुठून आली?
- नोंद किती, कल्पना किती? तारखा, पत्रं, भाषणं तपासता येतात. बंद खोलीतले संवाद बहुतेक वेळा पटकथाकाराचे असतात.
- विरोध करणाऱ्या पात्राला स्वतःचं डोकं आहे का? की तो फक्त शेवटी हात जोडण्यासाठी आहे?
- ज्यांची सेवा झाली, ते कुठे आहेत? त्यांना नाव आहे का, एखादं वाक्य तरी आहे का?

मदर तेरेसांच्या बाबतीत कौतुकाचेही पुरावे आहेत आणि टीकेचेही. दोन्ही एकाच माणसाचे आहेत. रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाला ज्या घरात स्वच्छ अंथरूण मिळालं, त्याच घरात वेदनेवरचं पुरेसं औषध मिळालं नाही, हे एकाच वेळी खरं असू शकतं. अर्ध्या मिनिटाच्या क्लिपमध्ये या दोन गोष्टी मावत नाहीत. दोन तासांच्या चित्रपटात मावायला हव्यात. फॉरवर्ड करण्याआधी आपल्या डोक्यात मावल्या, तरी पुष्कळ झालं.